जुन्या मोटारसायकलीचे अर्थशास्त्र

१९७२ हे वर्ष नगर जिल्ह्याच्या स्मरणात दोन अगदी भिन्न कारणांनी राहिले आहे. त्या वर्षीच्या दुष्काळाने हिवरे बाजारसारखी गावे मोडली आणि तेथील माणसे पोटासाठी बाहेर पडली. त्याच वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली. नगरच्या कारखान्याशी नाते असलेल्या या छोट्या गाडीने असंख्य शिक्षक-कारकुनांना सायकलीवरून इंजिनावर आणले. आज त्या लूना, त्यांच्या बरोबरीच्या राजदूत आणि येझदी अनेक घरांच्या पडवीत पोत्याखाली धूळ खात पडलेल्या आहेत. आजोबांची अशी गाडी बाहेर काढून ती स्वतःच्या हाताने चालती करावी, हौसेप्रमाणे सजवावी, असा उत्साह अलीकडे तरुणांत दिसतो. वडीलधाऱ्यांना तो पैशाचा अपव्यय वाटतो.

निव्वळ हिशेबाने पाहिले तर वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. सिलिंडरला बोअर करून नवा पिस्टन बसवणे, क्रँकचे बेअरिंग, वायरिंग, टायर, रंग आणि क्रोमचा मुलामा यांची बेरीज पुष्कळदा तयार गाडीच्या बाजारभावापुढे जाते. धंदा म्हणून हा व्यवहार आतबट्ट्याचाच. परंतु पहिल्या गाडीवरचा खर्च ही गुंतवणूक नसून शिकण्याची फी आहे, असे मानले की हिशेब बदलतो. पदवी घेऊनही ज्याच्या हाती कधी पाना आला नाही, असा विद्यार्थी येथे बिघाडाचे कारण शोधायला शिकतो. ठिणगी नाही, पेट्रोल पोहोचत नाही की कॉम्प्रेशन गेले आहे, हे एकेक करून तपासण्याची शिस्त त्याला कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडते.

मात्र ही फी वाया जाऊ नये यासाठी क्रम पाळावा लागतो. प्रथम कागद: नोंदणी पुस्तकातील इंजिन व चेसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात की नाही, हे पाहिल्यावाचून एक रुपयाही खर्च करू नये. मग सुटे भाग सहज मिळतील असे, शक्यतो पूर्ण अवस्थेतील मॉडेल निवडावे. खोलताना प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून ठेवावा. आधी इंजिन व ब्रेक, नंतर वायरिंग व टायर, आणि रंग सर्वांत शेवटी. बहुतेक अर्धवट गाड्या टाकीच्या रंगावर पैसे आधी उडवल्यामुळेच अडलेल्या असतात.

हा क्रम नगर तालुक्याला नवा नाही. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने मोडलेले गाव दुरुस्त केले, तेव्हा आरंभ कमानीपासून झाला नाही. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरावरचे चर, पाण्याचा ताळेबंद ही मुळातली कामे प्रथम झाली. शोभा मागाहून आली. शिवाय ज्याला जे हवे ते त्याने करावे, अशी मोकळीकही गावाने ठेवली नाही. सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी आली, कारण एकाचे बोअर शेजाऱ्याची विहीर कोरडी करते.

गाडी सजवण्याच्या हौसेलाही हीच मर्यादा आहे. फट्‌फट् आवाज करणारा सायलेन्सर मालकाला आनंद देतो आणि त्याची किंमत रस्त्याकडेच्या घरातला आजारी माणूस मोजतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आसन, हँडलची मूठ, रंगसंगती यांत हौस भागवावी. चेसिस कापण्याचा मोह आवरावा.

पण नियम करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना वाहनाची तपासणी होते, हे योग्यच. मोटारसायकलीसाठीचे हे शुल्क २०२२ मध्ये तीनशेवरून एक हजारावर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाडीसाठी दोन हजार झाले. जुनी दोन-स्ट्रोक इंजिने अधिक धूर सोडतात, म्हणून चाचणी कडक असावी. परंतु जी गाडी चाचणीत उतरते, तिला केवळ वयाचा दंड कशासाठी? दुरुस्तीत वाचलेले लोखंड आणि मिळालेले कौशल्य यांचा हिशेब सरकारी तक्त्यात कोठेच नाही. सरकारने शुल्क वयाऐवजी अवस्थेशी जोडावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची लेथ यंत्रे संध्याकाळी अशा होतकरू मुलांना खुली करावीत.

दुष्काळी तालुक्यातील तरुणाला नोकरी देणे कोणाच्याही हाती एकाएकी येणार नाही. पडवीतली बंद गाडी मात्र त्याच्या हाताशी आहे. ती मोडीत घालण्यापूर्वी त्याला एकदा पाना हाती घेऊ द्यावा.