शस्त्रसंग्रह आणि साधना

छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्या अमेरिकी मंडळींत 'परिपूर्ण संग्रहा'ची एक रूढ कल्पना आहे : सरावाला .२२ची रायफल, मातीच्या उडत्या चकत्या टिपायला शॉटगन, शिवाय एखादे पिस्तूल. प्रत्येक शस्त्रामागे वेगळे प्रयोजन आहे तोवर ही मांडणी तर्कशुद्धच म्हणावी लागेल. प्रयोजन संपते तेथे मात्र हव्यास सुरू होतो.

आपल्याकडे २०१९च्या कायदादुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. खेळाडूंना स्वतंत्र सवलत आहे. ही मर्यादा छंदाला मारक आहे, असे आम्हांस वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटर 'थ्री पोझिशन' प्रकारात. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम साधायचा, तोही एकाच रायफलीने. दस्त्याची टेकण व गालाचा आधार स्थितीनुसार सरकवायचा, शस्त्र तेच. येथे परिपूर्णता नेमबाजाच्या अंगात आणि श्वासात मुरलेली असते.

ग्रंथसंग्रह आणि व्यासंग यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस हे वेगळे सांगायला नको. दुसरे शस्त्र घ्यावे, पण पहिल्याने भागत नाही असा प्रकार खरोखर हाती घेतल्यावरच.