मडक्यावर नाव कोणाचे?

अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयात झुनी लोकांचे रंगविलेले जुने मडके पाहावे आणि शेजारची चिठ्ठी वाचावी. संग्राहकाचे नाव असते, वर्ष असते. घडविणारी मात्र कित्येक ठिकाणी आजही 'अज्ञात'! अज्ञात कोणाला? तिच्या घरादाराला तर ती खासच ठाऊक होती.

न्यू मेक्सिकोच्या पश्चिम सीमेजवळ झुनी हे गाव आहे. १८७९ साली स्मिथसोनियन संस्थेची मोहीम जेम्स स्टीव्हन्सन यांच्या नेतृत्वाखाली तेथे पोहोचली. ही संस्कृती आता लोपणार, तेव्हा तिचे अवशेष जतन केले पाहिजेत, असा युक्तिवाद होता. पुढील काही वर्षांत पाण्याचे घडे आणि वाडगे हजारोंनी वॉशिंग्टनला गेले. नांदत्या घरातील भांड्यांना अवशेष म्हणण्याचे धाडस पंडितच करू जाणोत! झुनी लोक आजही तेथेच नांदत आहेत.

या भांड्यांना चाक लागत नाही. जुन्या खापऱ्यांचे कूट मातीत कालवून, वळ्यांवर वळ्या रचून भांडे उभे करतात; म्हणजे आजीचे फुटके मडके नातीच्या मडक्यात उतरते. वर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर युक्काच्या पात्याच्या कुंचल्याने काळी-तांबडी नक्षी. हरणाच्या तोंडापासून काळजापर्यंत तांबडी रेघ जाते. 'शरीरात अशी नळी नसते', असे माझ्या एका डॉक्टर मित्राने हसून ऐकविले. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याला प्राण सापडला होता काय, हे विचारायचे राहून गेले. भांड्याभोवतीची रेषा परंपरेने एके जागी उघडी सोडतात; ती जुळली तर करणारीच्या आयुष्याची वाटच बंद होते, अशी श्रद्धा. आयुष्य असे भांड्यात गुंतविणाऱ्या स्त्रीला आम्ही नावही द्यायचे नाही?

'लोककला सामूहिक असते, तिला व्यक्ती नसते', हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे. रूथ बन्झेल यांनी झुनी स्त्रियांकडून हे काम शिकून १९२९ साली ग्रंथ लिहिला. कुंचला उचलण्यापूर्वी सबंध नक्षी मनात तयार असते आणि दुसरीची नक्कल करणे कमीपणाचे, असे त्या कुंभारणींनी त्यांना सांगितले होते. यापरते व्यक्तित्व ते काय?

पुढे गावात ही कला रोडावली. धातूची भांडी आली, चांदीच्या दागिन्यांत पैसा अधिक मिळू लागला, हे मान्य. परंतु समोर ठेवून शिकावीत अशी जुनी भांडी तरी घरात कोठे उरली होती? अखेर गावच्या हायस्कूलात डेझी हूई आणि नंतर जेनी लाटे यांनी ती शिकविली. पहिली जन्माने होपी-टेवा, दुसरी आकोमा गावची.

'अज्ञात' हा शब्द खोडून 'संग्राहकाने नाव विचारले नाही' असे चिठ्ठीवर छापावे, असे पत्र मी एका संग्रहालयाला लिहिले. सूचनेची नोंद घेतल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. खाली लिहिणाऱ्याचे संपूर्ण नाव, हुद्दा आणि पदव्या होत्या.