चक्रलक्षणिका

भावप्रकाशात गुडूचीच्या पर्यायनामांत ‘चक्रलक्षणिका’ हे नाव येते. गुळवेलीचे कांड आडवे छेदले असता प्रकाष्ठाच्या पाचरी मध्याकडून परिघाकडे पसरलेल्या दिसतात. त्यांच्यामधून रुंद मज्जाकिरण जातात व चाकाच्या आऱ्यांचा भास होतो. हे नाव ज्याने दिले त्याने वेल कापून पाहिली होती, हे उघड आहे. आम्ही मात्र पदवी अभ्यासक्रमात ही आकृती काढली, गुण मिळविले आणि पुढे चूर्णाच्या डब्यावरील चिठ्ठीवर विसंबलो.

२०२१ मध्ये गुळवेलीमुळे यकृतास इजा झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेदाकडे लक्ष वेधले. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु ‘आपण दिलेली गुळवेल कोणती?’ असे रुग्णाने विचारता आमच्यापैकी किती जणांना उत्तर देता आले?

कांड अखंडच खरेदी करावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. केवळ चक्रावर भिस्त ठेवू नये. ते क्रिस्पातही दिसते. तिच्या सालीवरील दाट पुटकुळ्या आधी पाहाव्यात. छेदावर आयोडीनचा थेंब टाकल्यास मूल ऊतींतील पिष्ट निळे-काळे होते. तेच धुऊन गुडूचीसत्त्व मिळते. सत्त्व म्हणून दुसरे एखादे पिष्ट माथी मारले, तर आयोडीन त्यालाही निळेच करील. तेथे कणांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात तो नाही.