तस्कर पडतो, जिना उभाच राहतो



एक तस्कर पडला की पेपरवाल्यांच्या घरी दिवाळी. कोण म्हणतो ड्रग माफिया, कोण म्हणतो ड्रग क्वीन. अमुक कोटींचं साम्राज्य, तमुक देशात बंगला. तो वर कसा चढला याची सुरस कथा रविवारच्या पुरवणीत छापून येते आणि पांढरपेशा वाचक चहाचा घोट घेत म्हणतो, बरं झालं, एक हरामखोर आत गेला.

आम्हाला त्या हरामखोराच्या बंगल्याशी देणंघेणं नाही. तो ज्या जिन्यानं चढला तो जिना आम्हाला बघायचाय. जिना बांधला कुणी? राखला कुणी? आणि हा गडगडत खाली आला तेव्हा जिन्याची एक तरी वीट हलली काय?

नवी मुंबई घ्या. ९५ गावांच्या जमिनींवर सिडकोनं हे शहर मांडलं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीचा रास्त भाव मागणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. १९८९ ला न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. खाणीत दगड फोडून फोडून ज्यांनी टॉवरांना खडी पुरवली ते तुर्भ्याच्या, दिघ्याच्या झोपड्यांत राहिले. टॉवर वेगळे, झोपड्या वेगळ्या. पण पावडर दोन्हीकडं पोचली.

जानेवारी २०२५. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोनं याच नवी मुंबईत ११ किलो ५४० ग्रॅम कोकेन धरलं. सोबत विलायती गांजा आणि गांजाच्या गोळ्यांची २०० पाकिटं. माल अमेरिकेहून विमानाच्या कार्गोनं आला, इथून कुरिअरनं देशात आणि ऑस्ट्रेलियापर्यंत जात होता, असं ब्युरो सांगतो. सूत्रधार म्हणून त्यांनी नाव घेतलं नवीन चिचकर, बेलापूरच्या बिल्डरच्या घरातला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला मलेशियातून धरून आणला. आरोप सिद्ध करणं हे कोर्टाचं काम, आम्ही न्यायाधीश नव्हेत. पण एक गोष्ट बघा. त्याच एप्रिलमध्ये नवी मुंबई पोलिसांनी ड्रग्जच्या प्रकरणात माणसं उचलली, त्यात कस्टमचा एक अधीक्षक निघाला आणि खुद्द पोलीस खात्यातले लोक निघाले. म्हणजे दार राखायला ज्याला पगार मिळतो, दार उघडल्याचा आरोप त्याच्यावरच!

आणि बंदर? सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा शेव्याला ज्येष्ठमधाचा कंटेनर सापडला. मुळ्यांना हेरॉईन फासलेलं, पोलिसांनी किंमत लावली १७२५ कोटी. त्याच महिन्याच्या शेवटी वाशीत ट्रक धरला. वरून दक्षिण आफ्रिकेची संत्री, आत १९८ किलो मेथॲम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन. आठवडा उलटला नाही तोच पेर आणि सफरचंदांच्या कंटेनरमधून आणखी ५० किलो कोकेन. आता सांगा, तुर्भे स्टोअरच्या कुठल्या पोराच्या नावावर आयातीचा परवाना असतो? दिघ्याच्या कुठल्या बाईचा कंटेनर बंदरात उतरतो?

तरी पेपरात 'नशेचा अड्डा' म्हणून फोटो कुणाच्या गल्लीचा येतो? आमच्या.

दहा वर्षं मागं चला, एप्रिल २०१५. पनवेलजवळ पोलिसांनी एक बाई धरली. शशिकला ऊर्फ बेबी पाटणकर, वरळीच्या सिद्धार्थनगरची. दूध विकणारी बाई कोट्यधीश कशी झाली याच्या कथा महिनाभर चालल्या, वस्तीचं नाव देशभर बदनाम झालं. माल मात्र सापडला होता कुठं? मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी, शंभर किलोच्या वर. आणि १२ किलो त्याच्या पोलीस ठाण्यातल्या कपाटात. होय, पोलीस ठाण्यातल्या! वर मजा अशी की हे मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, फेब्रुवारी २०१५ पर्यंत कायद्याच्या यादीतच नव्हतं. तोवर किती पोरांचे दात पडले, झोप उडाली, डोकी फिरली, त्याचा हिशोब कोण देणार?

पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला. पावडर अजिनोमोटो निघाली. चायनीजच्या गाडीवर घालतात ती. साल्यांनो, हवालदार काय चायनीजची गाडी टाकणार होता? पावडर आधीपासूनच अजिनोमोटो होती तर माणसं कशाच्या जोरावर डांबली? आणि नव्हती, तर अजिनोमोटो कधी झाली, कुणाच्या ताब्यात असताना झाली? दोन्हीपैकी काहीही खरं माना, मान खाली जायला पाहिजे ती सरकारची. वस्तीवरचा डाग मात्र कुठल्या प्रयोगशाळेनं पुसला नाही.

आणखी एक पायरी बघा. नाशिकचा ललित पाटील. ऑक्टोबर २०२० च्या चाकण प्रकरणातला आरोपी, येरवड्याचा कैदी. हा गडी महिनोन्महिने ससून रुग्णालयाच्या १६ नंबर वॉर्डात मुक्कामाला. ३० सप्टेंबर २०२३ ला रुग्णालयाच्या दारात पावणेदोन किलोच्या आसपास एमडी पकडलं. २ ऑक्टोबरला एक्स-रेला नेताना गडी पसार! त्या आठवड्यातच साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना फोडला, ३०० कोटींचा माल सांगितला. पंधरवड्यानं गडी बंगळुरूकडं सापडला. काही पोलीस निलंबित झाले, ससूनच्या अधिष्ठात्यांची खुर्ची गेली. ज्या ससूनमध्ये आमच्या आया पोटदुखीची चिठ्ठी घेऊन रांगेत उभ्या राहतात, खाट नाही म्हणून जमिनीवर झोपतात, तिथं याला खाट कुणी दिली? नुसता आजार पुरे असतो काय खाट मिळायला? मग आमच्या आयांना का नाही मिळत?

म्हणून म्हणतो, तस्कर एकटा चढत नाही. बंदर एक पायरी, कुरिअरचं गोदाम एक पायरी, औद्योगिक वसाहतीतली शेड एक, पोलिसाचं कपाट एक, रुग्णालयाची खाट एक. तो पडतो तेव्हा एकटा पडतो. पायऱ्या दुसऱ्याची वाट बघत तशाच राहतात.

आता आपल्याच माणसांशी बोलायचंय. कान उघडे ठेवा.

आपल्या गल्लीत पुड्या विकणारे हायेत. झाकायचं काय कारण? गरिबी आहे, काम नाही, सगळं खरं. पण जो आपल्याच बहिणीच्या पोराला पुडी देतो तो आपल्या जातीचा असला म्हणून आपला होत नाही. दारूच्या गुत्त्यानं आपले बाप खाल्ले, ही पावडर आपली पोरं खाईल. आणि मंडळांच्या पोरांनो, जयंतीच्या डीजेला, दहीहंडीला, क्रिकेटच्या सामन्याला वर्गणीची थप्पी टाकणारा हात कुणाचा आहे ते एकदा विचारा की! त्याच्या पैशानं लावलेल्या बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो लावताना हात कापत कसे नाहीत? नेता होण्याची त्याची पहिली पायरी आपलीच वर्गणीची वही आहे. ती पायरी आजच्या आज आपण काढू शकतो. त्याला सरकारची परवानगी लागत नाही.

सरकारकडं मागायचं तेही ऐका. १९८५ च्या कायद्यात कोकेनची व्यापारी मर्यादा १०० ग्रॅम. म्हणजे नवी मुंबईत धरलेला तो माल शंभरपटीहून जास्त. आणि त्याच कायद्याच्या कलम ६४अ मध्ये लिहिलंय की नशेत सापडलेला, थोडीशी पुडी जवळ असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं तो उपचार घेतला तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. वस्तीतल्या किती पोरांना हे कुणी सांगितलं? पोलीस ठाण्याच्या भिंतीवर हे कलम मराठीत रंगवा. वाशीच्या, नेरूळच्या, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांत नशामुक्तीचा उपचार फुकट आणि अपमान न करता द्या. पकडलेल्या प्रत्येक मालाचं वजन, प्रयोगशाळेचा अहवाल आणि तो जाळल्याची तारीख लोकांपुढं टांगा. ज्या वर्दीवाल्यांना या धंद्यात अटक झाली त्यांच्या खटल्याचं पुढं काय झालं, ते दरवर्षी छापा.

यातलं काहीच न करता आणखी एका तस्कराला हातकड्या घालून कॅमेऱ्यापुढं उभा केलात, तर टाळ्या आम्ही वाजवणार नाही. आम्ही वह्या काढू आणि विचारू, माल कुठून आला, कुणाच्या सहीनं सुटला, कुणाच्या कपाटात होता.

पोरांनो, वर्गणीची वही उघडा. हिशोब घरातनं सुरू करा, मग बंदरापर्यंत जाऊ.