मिया, बारिया आणि आमची मादरी जुबान

मेळघाटात जायचे म्हटले की आमच्या वाशीमकडच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. चिखलदऱ्याचे धुके आणि वाघ. फार झाले तर तिसरी, कुपोषणाच्या बातम्या. मीही गेल्या हिवाळ्यात वाघाच्याच आशेने गेलो होतो. शाळेतले दोन सहकारी सोबत होते. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. याच गावांमधून कधीकाळी शकुंतला गाडी रेंगाळत जायची. परतवाड्यापर्यंत कपाशी, तूर, संत्र्यांच्या बागा असा आपला ओळखीचा मुलूख. मग एकदम घाट लागतो आणि सागाचे जंगल सुरू होते.

वाघ दिसला नाही. पण सोबतच्या सरांचा एक मित्र सेमाडोहच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या एका छोट्या गावात शिक्षक आहे. शनिवारची सकाळची शाळा होती, तिथे गेलो. पन्नासेक घरे, मधून एक रस्ता आणि दोन्ही बाजूंनी समोरासमोर घरांची रांग. कोरकू गावांची ही जुनीच रचना. मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, अंगण इतके स्वच्छ की चप्पल घालून जायला लाज वाटावी. मोबाईलला रेंज नाही. आमच्यातले एक जण म्हणाले, "किती सुकून आहे इथे!" मलाही तसेच वाटले, खोटे कशाला बोलू. पण आपला सुकून म्हणजे त्यांचा दवाखाना लांब असणे, हे परतीच्या रस्त्यावर लक्षात आले.

शाळेत पहिलीचा वर्ग चालू होता. सरांनी माठाचे चित्र दाखवून विचारले, "यात काय असते?" एक पोरगा लगेच म्हणाला, "डा." सर म्हणाले, "बरोबर. डा म्हणजे पाणी. म्हणा, पाणी." नंतर ते आम्हाला म्हणाले, "पहिले वर्षभर मी या पोरांना मठ्ठ समजत होतो. मग कळले, मठ्ठ मीच आहे. त्यांना उत्तर येत होते, मला त्यांची भाषा येत नव्हती."

मग पोरांनी आकडे म्हणून दाखवले. "मिया, बारिया..." मी दचकलोच. माझी दाढी-टोपी पाहून पोरे चिडवताहेत की काय! सर हसून म्हणाले, "मिया म्हणजे एक." मग सगळा वर्ग हसला, मीही हसलो. वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवतोय, आणि दीडदोनशे किलोमीटरवरच्या शेजाऱ्याचा 'एक' मला ठाऊक नव्हता.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. तिचे नातेवाईक झारखंडकडचे, संथाळी आणि मुंडारी. म्हणजे त्या पोरासाठी पहिलीचे पुस्तक जवळपास परक्या मुलखाचे असते. माझ्या वर्गातला पोरगा "मेरेकू नै आता सर" म्हणतो आणि मी त्याला किताबी उर्दू शिकवतो. तो अडखळतो, पण ते अंतर एका पावलाचे आहे. कोरकू पोराला नदी ओलांडायची असते आणि काठावर नाव नाही.

राज्यघटनेच्या कलम 350-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे म्हटले आहे. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेले हे कलम आपण उर्दू शाळांच्या प्रत्येक सभेत सांगतो. शिक्षकांच्या रिक्त जागांसाठी, पुस्तकांसाठी, इमारतींसाठी. सांगायलाच हवे. पण उर्दू आठव्या अनुसूचीत पहिल्यापासून आहे, तिच्या शाळा आहेत, आणि बोलणारे आपण आहोत. संथाळीलाही 2003 मध्ये तिथे जागा मिळाली. देशभरात सुमारे सात लाख लोकांच्या कोरकूला अजून नाही. कलम मात्र तिच्या पोरांनाही तेवढेच लागू आहे.

हे बोललो की आपलेच लोक विचारतात, कोरकू शिकून नोकरी मिळणार आहे का? भाईजान, हाच सवाल आपल्याला "उर्दू शिकून काय करणार?" म्हणून विचारला जातो, तेव्हा आपल्याला किती झोंबतो! मी मराठीच्या विरोधात नाही, माझी रोजीरोटी तिच्यावर आहे आणि लिहितोही तिच्यातच. पण मराठीपर्यंत पोचायला पहिली दोन वर्षे तरी पोराचे बोलणे समजणारा माणूस वर्गात हवा. शिकलेली कोरकू मुले-मुली आता त्याच गावांमधून तयार होताहेत. आधी त्यांना त्या वर्गांवर नेमा. देवनागरीत छापलेले, चित्रांचे एक कोरकू वाचनपुस्तक द्या. हे काही आकाशातले तारे नाहीत.

परत आल्यावर आमच्या उर्दू शिक्षकांच्या बैठकीत निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला. शेवटी एक ओळ मी वाढवली, कोरकू मुलांसाठी त्यांच्या भाषेतले शिक्षक द्यावेत अशी. एका साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "सर, हा आपला मसला आहे का?" मी त्यांना मियाचा किस्सा सांगितला. ते हसले, पण ओळीवर अजून फैसला झालेला नाही. पुढच्या बैठकीत तिच्यावर बोलायचे ठरले आहे.