कॅलिपर चिकटला की बदलायचाच का?

मंडळी, पुढचं चाक जड फिरतंय, ॲव्हरेज घटलंय, ब्रेक न दाबताही डिस्क तापतेय, तर कॅलिपर चिकटलाय समजा. पावसाळ्यात आपल्याकडच्या चिखलाच्या रस्त्यांवर हे घरोघरचं दुखणं आहे. आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." मी नुसतं सील किट मागितलं, तर म्हणाले "सुटं येत नाही." तेच किट बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात मिळालं, तेही असेंब्लीच्या तुलनेत किरकोळ पैशांत!

अहो, आत असतं काय? एक-दोन पिस्टन, त्यांची रबरी सीलं आणि कॅलिपर सरकतो त्या पिना. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे येतो तो त्या चौकोनी कडेच्या सीलमुळे. तिथे चिखल-गंज बसला, पिना कोरड्या पडल्या की ब्रेक सुटत नाही. लिव्हर हळूहळू दाबून पिस्टन बाहेर काढायचा, खाचा साफ करायच्या, नवी सीलं ताज्या ब्रेक ऑइलने ओली करून बसवायची, पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, शेवटी हवा काढायची. अंगणात होणारं काम आहे. पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तर तेवढा पिस्टन नवा घ्या.

काही जण म्हणतील, ब्रेकशी खेळ नको. एकदम मान्य! पण खेळ होतो तो सीलं पेट्रोलने धुतल्यावर, पिनांना कुठलंही ग्रीस फासल्यावर. खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि ब्रेक पुन्हा जाम. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्याचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? माहिती दडवायची, सुटे भाग द्यायचे नाहीत आणि वर "घरी करू नका" म्हणायचं, हा कुठला न्याय?

एबीएस असेल तर हवा काढायला जाणकार मेकॅनिक गाठा. स्वतःला जमत नसेल तरीही गल्लीतल्या मेकॅनिककडेच जा, किट मात्र आपण घेऊन.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मग तो हक्क आपल्या गावात कधी येणार? सील किट काउंटरवर मिळालं पाहिजे, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत हवी, काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात दिला पाहिजे.

पुढच्या वेळी कोणी "असेंब्ली बदला" म्हटलं, की एवढंच विचारा: साहेब, नेमकं काय खराब झालंय ते उघडून दाखवा.