घुंगरू बांधून विद्यापीठात

बारावीचा निकाल जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाच-सात पत्रे एकाच विषयाची असतात. मुलगी, क्वचित मुलगा, नाचात चांगली आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी बक्षीस घेते, आता तिला त्यातच पुढे शिकायचे आहे. असे शिक्षण असते का, कुठे असते, खर्च काय आणि शिकून पोटाला काही मिळते का? पत्रे बहुतेक आयांची. एका माउलीने तर शेवटी लिहिले आहे, ‘उत्तर अंकातूनच द्यावे, घरी पत्र पाठवू नये.’ यातच सारे आले. तेव्हा आज या विषयाचे सविस्तर.

आधी घरातल्या अडचणीबद्दल दोन शब्द. आपल्याकडे नाच म्हटला की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तमाशाचा फड उभा राहतो आणि बोलणे तिथेच थांबते. खरे म्हणजे फडावरच्या बायांनी याच कलेवर आपली घरे चालवली, भावांची लग्ने केली. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी त्यांचे कार्यक्रम मात्र रात्र रात्र पाहिले. ते असो. विद्यापीठातला नृत्यविभाग म्हणजे इतर कोणत्याही विभागासारखाच विभाग. हजेरी असते, लेखी परीक्षा असते, प्रात्यक्षिक असते आणि शेवटी पदवी असते. शेतकी कॉलेजातला मुलगा शेतावर प्रात्यक्षिक करतो, तशी ही मुलगी रंगमंचावर करते.

आणि हे शिक्षण आपल्याला परकेही नाही. भरतनाट्यम् हा तमिळ मुलखातला नृत्यप्रकार. पण आज तो ज्या क्रमाने शिकवतात व सादर करतात, अलारिपुपासून तिल्लानापर्यंत, तो क्रम बांधला तंजावरच्या चौघा भावांनी, आणि त्यांना आश्रय होता तिथल्या मराठी राजांचा. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्या रचनांचा अभ्यास करून पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. बडोद्याची हकिकतही अशीच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. १८८० साली त्यांचे लग्न तंजावरकडच्या मुलीशी झाले, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादकही बडोद्याला आले. १८८६ साली महाराजांनी गायनशाळा काढली. त्याच परंपरेतून पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९) नृत्याचे पदवी शिक्षण सुरू झाले. नृत्याची पदवी देण्याच्या कामात हे विद्यापीठ देशात अगदी पहिल्यांपैकी. कुणब्याच्या पोराने लावलेले झाड आहे हे, घरी विरोध होत असेल तर जरूर सांगा.

आता आपल्या राज्यातले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झाले. त्याला ‘गुरुकुल’ असेही म्हणतात, कारण विद्यापीठाचा अभ्यास आणि गुरूकडचे शिक्षण यांची तिथे जोड घातली आहे. संगीत, नाटक आणि नृत्य असे तीन विषय. नृत्यात कथक आणि भरतनाट्यम्. बी. ए. करता येते, पुढे एम. ए. करता येते. पुण्यात १९४७ साली ‘नृत्यभारती’ काढणाऱ्या कथकच्या गुरू रोहिणीताई भाटे (१९२४–२००८) या केंद्रात शिकवत असत. तिथल्या कथकच्या अभ्यासक्रमाच्या घडणीत त्यांचा हात होता. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभे केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले आहे. ज्यांच्या घरात गोंधळ, जागरण, लावणी, शाहिरी चालत आली आहे, त्यांच्या मुलांनी मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीची चौकशी करावी. तिथे लोककलांचेच रीतसर शिक्षण मिळते. विदर्भातल्या वाचकांना मुंबई-पुण्यापेक्षा खैरागड जवळ पडेल. गोंदियाहून रेल्वेने पुढे छत्तीसगडात गेले की डोंगरगड, राजनांदगाव लागते, तिथून हे गाव लांब नाही. १९५६ साली तिथल्या राजघराण्याने आपल्या मुलीच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. सबंध विद्यापीठच कलांचे.

यापुढची गोष्ट मात्र नीट वाचावी, कारण फसगत होते ती इथेच. या विभागांत प्रवेश नुसत्या बारावीच्या गुणांवर मिळत नाही. समोर बसवून परीक्षा घेतात: नाचून दाखवा, बोल म्हणून दाखवा, ताल हातावर धरून दाखवा. स्नेहसंमेलनात सिनेमाच्या गाण्यावर बसवलेला नाच, त्याला कितीही टाळ्या पडल्या असल्या तरी, इथे चालत नाही. कथकच्या मुलीला तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेची टाळी, नवव्या मात्रेची खाली, आणि त्यावर तत्कार पायाने व तोंडाने, हे झोपेतून उठवले तरी आले पाहिजे. भरतनाट्यमच्या मुलीचे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसणे पक्के हवे आणि अडवू स्वच्छ हवेत. हे दोन महिन्यांत होत नाही. बारावीच्या निकालानंतर पत्र लिहिणाऱ्या माउलींना म्हणूनच आम्हाला दर वेळी थोडे नाराज करावे लागते. पत्र पाचवीत असतानाच यायला हवे होते.

पाचवी का, तर हिशेब सोपा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या. वर्षाला एक धरली तरी सात वर्षे. पाचवीत सुरुवात केली तर बारावीपर्यंत मुलगी विशारदाच्या उंबरठ्यावर येते, आणि मग विद्यापीठाच्या परीक्षेत ती शहरातल्या मुलीच्या मागे राहत नाही. शिक्षक निवडताना एवढे विचारावे: आपण स्वतः कोणत्या गुरूकडे, किती वर्षे शिकलात? आपले किती विद्यार्थी परीक्षेला बसतात? चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. फलकावर कथक, भरतनाट्यम्, सिनेमानृत्य, योग आणि झुंबा एकत्र लिहिलेले असेल तर पुढचे दार पाहावे.

मुलगी अजून लहान असेल तर एक सवलत हातची घालवू नका. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्या नियमांत वर्षाला ३,६०० रुपये आणि शिवाय गुरूच्या फीपोटी वर्षाला ९,००० रुपयांपर्यंत अशी तरतूद आहे. परंपरेने कला चालवणाऱ्या घरातल्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवतात. त्याच खात्याची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिला गुरूकडे किमान पाच वर्षे शिकलेले असावे लागते. म्हणजे इथेही तोच पाचवीचा हिशेब. रकमा व अटी बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात पाहावी.

पैशाचे आणखी एक. प्रवेशाच्या जाहिराती साधारण मे-जूनमध्ये लागतात आणि फी भरायची वेळ येते ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. घरातला रोकडा तेव्हा बियाणे-खतात गुंतलेला असतो. मुलीचा प्रवेश झाला आणि पैशाअभावी तो सोडला, असे होऊ नये म्हणून रब्बीचा पैसा हाती येतो तेव्हाच थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च फीपेक्षा जड होतो. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. विद्यार्थ्याने रोज काही तास काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राज्य सरकारचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तो कोणकोणत्या अभ्यासक्रमांना लागू आहे, हे विभागाच्या कचेरीत प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि सातबाराचा उतारा आधी काढलेला असला म्हणजे तलाठ्याकडे हेलपाटे पडत नाहीत.

आता वर्षभरात काय काय होते ते पाहू. प्रवेश घेतला नसला तरी यातले बरेच आपल्याला पाहता येते, आणि पाहावेच. नृत्यविभागात बाहेरच्या कलावंतांची सप्रयोग व्याख्याने होतात. म्हणजे कलावंत बोलतो आणि बोलता बोलता करून दाखवतो. कार्यशाळा होतात. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचे परीक्षेचे प्रयोग असतात. ललित कला केंद्राच्या आवारात ‘अंगणमंच’ नावाचा उघडा रंगमंच आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण डिसेंबरात मोशीला शेतीचे प्रदर्शन पाहायला जातात. जाण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर चौकशी करावी, आणि त्या दिवसांत एखादा कार्यक्रम असेल तर एक संध्याकाळ मुलीला गणेशखिंडीत घेऊन जावे. फवारणीचे नवे यंत्र प्रदर्शनात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. मग मुलीची तीन-चार वर्षे जिथे जायची ती जागा न पाहताच कशी ठरवायची? २९ एप्रिलला आंतरराष्ट्रीय नृत्यदिन असतो. तो १९८२ पासून पाळला जातो आणि त्या सुमारास पुण्या-मुंबईत नृत्याचे कार्यक्रम होतात. गांधर्व मंडळाच्या परीक्षा साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोनदा येतात. दुसरी कापूस वेचणीच्या दिवसांत येते. त्या आठवड्यात पोरीला रानात ओढू नये, एवढे घरधन्याने पाळावे.

ज्यांना पुण्या-मुंबईला जाणे जमणारच नाही, त्यांच्यासाठी मोठी संधी आहे ती विद्यापीठांच्या युवक महोत्सवाची. मुलगा-मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम., बी. एस्सी. काहीही शिकत असो, त्याला यात उतरता येते. पावसाळा सरता सरता हे महोत्सव सुरू होतात. तिथून विद्यापीठाची निवड, मग राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव, जो २००३ पासून भरतो, आणि दुसऱ्या बाजूने भारतीय विद्यापीठ संघाचा पश्चिम विभागीय व राष्ट्रीय महोत्सव. त्यात लोकनृत्याची वेगळी स्पर्धा असते: नाचणारे जास्तीत जास्त दहा, वेळ दहा मिनिटांपर्यंत, नाच लोकांतला किंवा आदिवासींचा, शास्त्रीय नव्हे. गाण्याचे शब्द व आशय लिहून द्यावा लागतो. गुण देताना लय, रचना, हावभाव, वेशभूषा आणि एकूण परिणाम पाहतात.

इथे आमचे एक स्पष्ट मत आहे. खेड्यातल्या कॉलेजांचे संघ शहरातून नृत्यदिग्दर्शक आणतात, तो भरजरी कपडे भाड्याने आणायला लावतो आणि लेझीम की कवायत ते कळू नये असे काही बसवतो. गावात ज्यांनी उभी हयात लेझीम, दिंडी, वाघ्या-मुरळी केली अशी म्हातारी माणसे असतात. महिनाभर संध्याकाळी त्यांना चहा देऊन मुलांसमोर बसवावे. पाय कुठे पडतो, ढोलकी-हलगीची थाप कुठे येते हे त्यांच्याकडून घ्यावे, आणि दहा मिनिटांत काय मावते ते मग ठरवावे. पंचक्रोशीतला नाच पंचक्रोशीतल्याच माणसाकडून शिकला की खर्चही वाचतो.

शेवटचा प्रश्न पोटाचा. खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. रंगमंचावर नाचून संसार चालवणारे थोडे. नृत्याची पदवी घेतलेल्या बहुतेकांचे घर चालते ते शिकवण्यावर. एम. ए. नंतर महाविद्यालयात शिकवायचे तर राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे ‘नेट’, द्यावी लागते. तिच्या यादीत नृत्य-नाट्याचा विषय आहे. पण अशा जागा देशभरात मोजक्या, त्यांच्यावर भरवसा ठेवून बसू नये. भक्कम वाट आहे ती तालुक्याच्या गावी स्वतःचा वर्ग काढण्याची. तिथे परीक्षेला मुली बसवता येतात, शिवाय राज्यात दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण देण्याची सोय असल्यामुळे पालक आपण होऊन येतात. वर्ग बसायला दोन-तीन वर्षे जातात, फळबागेसारखेच. तोवर हाताशी दुसरे काही असावे. पदवीबरोबर संगणकाचे किंवा हिशेबाचे काम शिकून घेतलेली मुलगी अडत नाही. लग्नानंतर गाव बदलले तरी वर्ग नव्या गावी पुन्हा उभा करता येतो. सोयरीक ठरवताना मात्र ही गोष्ट आधी बोलून घ्यावी, मागाहून नव्हे.

आणि सराव करायचा कुठे, असे दोघी-तिघींनी विचारले आहे. सिमेंटच्या कोब्यावर किंवा फरशीवर रोज तासभर पाय आपटले की नडगी आणि गुडघे दुखू लागतात. शेणाने सारवलेली, नीट चोपलेली पडवी असेल तर ती उत्तम. जमीन थोडी दबते, पायाला धक्का कमी बसतो. पोपडे निघाले असतील तर आधी सारवून घ्यावे. घुंगरू सुरुवातीला थोडेच घ्यावेत, दोरीत घट्ट ओवलेले. शंभर-शंभराचे जोड बांधायला पायात आधी तेवढी ताकद यावी लागते, आणि त्याची वेळ गुरू सांगतो.